प्रायमरीतल्या टीव्ही डिबेट्स आणि मतदारांची प्रतिक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत निवडणुकीचा हंगाम आला की इथल्या मराठी घरांत आणि तिकडे पुण्या-नागपुरातल्या नातेवाइकांच्या फोनवर तेच प्रश्न फिरू लागतात. काल डिबेट झाली म्हणे, कोण जिंकलं? लोकांना काय वाटलं? याने काही फरक पडतो का? त्या प्रश्नांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. माझं मत जिथे आहे तिथे ते मत म्हणूनच सांगितलं आहे.

प्रायमरी म्हणजे नेमकं काय?

पक्षाचा उमेदवार कोण असावा हे ठरवण्यासाठी होणारं मतदान म्हणजे प्रायमरी. आपल्याकडे तिकीट दिल्लीहून किंवा मुंबईहून येतं, अमेरिकेत ते सामान्य मतदार देतात. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. न्यूयॉर्क, पेन्सिल्व्हेनिया, फ्लोरिडा इथे ज्या पक्षात नाव नोंदवलं असेल त्याच पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. मिशिगन आणि टेक्सासमध्ये मतदाराची पक्षनिहाय नोंदणीच नसते, तुम्ही कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका घेऊ शकता. न्यू हॅम्पशरमध्ये कोणत्याच पक्षात नाव न नोंदवलेले मतदार मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांना दोन्हींपैकी कोणतीही प्रायमरी खुली असते. म्हणूनच तिथली डिबेट उमेदवार जिवावर उदार होऊन लढतात.

मुख्य निवडणुकीच्या डिबेटपेक्षा इथला प्रेक्षक वेगळा असतो का?

हो, आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. नोव्हेंबरच्या लढतीत बहुतेक लोक आपल्या पक्षाचा माणूस कुठला हे ठरवूनच टीव्हीसमोर बसतात. तो अडखळला तरी ते त्याची बाजू सावरून घेतात. प्रायमरीत तो आधारच नसतो. मंचावरचे सगळे एकाच पक्षाचे, बहुतेक धोरणंही थोड्याफार फरकाने सारखी, एकाच घरातल्या भावंडांनी वाटणीसाठी बसावं तसे. मग मतदार बघतो तो स्वभाव, हजरजबाबीपणा, संकटात हा माणूस कसा वागेल याचा अंदाज, आणि समोरच्या पक्षापुढे हा टिकेल का. पसंती बदलायला इथे फारसं काही सोडावं लागत नाही. म्हणून प्रायमरीच्या डिबेटने मतं हलतात. ती किती दिवस हललेली राहतात, हा पुढचा प्रश्न.

एका डिबेटने खरोखर निकाल बदलल्याचं उदाहरण आहे का?

६ फेब्रुवारी २०१६, न्यू हॅम्पशरमधलं मँचेस्टर. रिपब्लिकन उमेदवार मार्को रुबियो नुकतेच आयोवा राज्याच्या मतदानात तिसरे आले होते आणि त्यांची हवा तयार होत होती. न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती पूर्वाश्रमीचे सरकारी वकील. उलटतपासणी कशी घ्यायची ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ‘ओबामांना आपण काय करतोय ते कळत नाही हा गैरसमज आहे, त्यांना ते पुरेपूर कळतं,’ अशा अर्थाचं एक वाक्य रुबियोंनी म्हटलं. ख्रिस्तींनी लगेच प्रेक्षकांना सांगितलं की हे वॉशिंग्टनवाले असंच करतात, पंचवीस सेकंदांचं पाठ केलेलं भाषण म्हणून दाखवतात. यावर रुबियोंनी काय उत्तर द्यावं? तेच वाक्य, जवळजवळ शब्दशः. ख्रिस्ती म्हणाले, बघा, आलंच ते. आणि थोड्या वेळाने रुबियो पुन्हा त्याच वाक्यावर आले.

मतदान तीन दिवसांवर होतं. एग्झिट पोलनुसार तिथल्या जवळपास निम्म्या रिपब्लिकन मतदारांनी आपला निर्णय शेवटच्या काही दिवसांत घेतला. रुबियो साधारण ११ टक्क्यांवर थांबले, पाचवे आले. त्या रात्री समर्थकांसमोर उभं राहून त्यांनी मान्य केलं की शनिवारी आपण चुकलो, हा दोष तुमचा नाही, माझा आहे.

आता याची दुसरी बाजू. ज्या ख्रिस्तींनी त्यांना उघडं पाडलं ते सहावे आले आणि दुसऱ्याच दिवशी शर्यतीतून बाहेर पडले. लोकांनी हल्ला पाहिला, तो पटलाही, पण त्याचं बक्षीस हल्ला करणाऱ्याला दिलं नाही. फायदा झाला तो बाजूला उभ्या असलेल्यांचा.

म्हणजे डिबेट ‘जिंकली’ तर मतं मिळतातच असं नाही?

नाही. १९ फेब्रुवारी २०२० ची लास वेगासची डिबेट आठवा. डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतले मायकेल ब्लूमबर्ग, न्यूयॉर्कचे माजी महापौर, जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतून सर्वेक्षणांत वर आले होते आणि पहिल्यांदाच मंचावर उभे राहिले. प्रतिस्पर्धी एलिझाबेथ वॉरन यांनी पहिल्या काही मिनिटांतच त्यांना धारेवर धरलं. कंपनीतल्या स्त्रियांशी केलेले गुप्ततेचे करार, न्यूयॉर्कच्या पोलिसांची रस्त्यात अडवून झडती घ्यायची पद्धत, एकेक प्रकरण बाहेर काढलं. जवळपास दोन कोटी लोक बघत होते. ब्लूमबर्ग यांना ठाम उत्तर देता आलं नाही. ३ मार्चच्या ‘सुपर ट्यूसडे’ला, म्हणजे अनेक राज्यांत एकदम मतदान होतं त्या मंगळवारी, त्यांच्या हाती फक्त अमेरिकन सामोआ हा चिमुकला बेटांचा प्रदेश लागला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी माघार घेतली.

पण वॉरन? नेवाडात चौथ्या. स्वतःच्या मॅसॅच्युसेट्समध्ये तिसऱ्या. नेवाडाबद्दल एक तपशील फार कमी लोकांच्या लक्षात राहिला आहे: तिथलं आगाऊ मतदान १५ ते १८ फेब्रुवारी या काळात उरकलं होतं. सुमारे ७५ हजार लोकांनी डिबेटच्या आधीच मत देऊन टाकलं होतं. त्यांना वॉरन कितीही आवडल्या असत्या, तरी ती आवड मतपेटीत पोचायला वाट उरली नव्हती.

सभागृहात टाळ्या कोणाला जास्त पडल्या त्यावरून काही कळतं का?

सभागृहात कोण बसलं होतं ते कळतं. घरी बसलेल्या प्रेक्षकावर मात्र त्या टाळ्यांचा परिणाम होतो, हे नक्की. जानेवारी २०१२ मध्ये साउथ कॅरोलायनात चार दिवसांत दोन डिबेट्स झाल्या. रिपब्लिकन उमेदवार न्यूट गिंग्रिच यांनी दोन्ही वेळा प्रश्न विचारणाऱ्या पत्रकारालाच फैलावर घेतलं आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. दुसऱ्या वेळी प्रश्न त्यांच्या माजी पत्नीने केलेल्या आरोपांचा होता. दुसऱ्या कुणाची उमेदवारी अशा प्रश्नाने संपली असती. गिंग्रिच यांनी तोच प्रश्न माध्यमांच्या पक्षपाताचा पुरावा म्हणून फिरवला आणि २१ जानेवारीला प्रतिस्पर्धी मिट रॉम्नींना सुमारे ४० विरुद्ध २८ टक्क्यांनी हरवलं.

दोनच दिवसांनी फ्लोरिडातल्या टँपामध्ये सूत्रधाराने प्रेक्षकांना शांत राहायला सांगितलं. तोच माणूस, तीच भाषा, पण त्या शांततेत गिंग्रिच फिके पडले. यापुढे प्रेक्षकांना गप्प बसवणार असाल तर आपण येणार नाही, असंही ते नंतर म्हणाले. फ्लोरिडात रॉम्नी १४ टक्क्यांच्या फरकाने जिंकले. तिथे रॉम्नींचा पैसा आणि जाहिरातीही होत्या, त्यामुळे सगळं श्रेय शांततेला देणं बरोबर नाही. तरीही मला वाटतं, प्रायमरीच्या डिबेट्स प्रेक्षकांविना व्हाव्यात. समोर बसलेल्या हजार लोकांचा उत्साह घरी बसलेल्या लाखोंच्या विचारात मिसळायला नको.

डिबेटनंतर वाढलेला पाठिंबा टिकतो का?

बहुतेकदा नाही. २७ जून २०१९ रोजी मायामीत कमला हॅरिस यांनी जो बायडन यांना शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या बस-योजनेवरून विचारलं. कॅलिफोर्नियातली एक लहान मुलगी रोज अशा बसने शाळेत जायची, ती मुलगी मी होते, असं त्या म्हणाल्या. टीव्हीसमोर बसलेल्या अनेकांच्या घशात आवंढा आला. लगेचच्या एका राष्ट्रीय सर्वेक्षणात बायडन २२ टक्के आणि हॅरिस २० टक्के इतक्या जवळ आल्या. पण पहिलं मतदान सात महिने लांब होतं. पुढच्या डिबेट्समध्ये त्यांच्यावर प्रश्न आले, बस-योजनेबद्दल आज त्यांची भूमिका काय याचं स्वच्छ उत्तर मिळेना, आणि ३ डिसेंबरला त्यांनी उमेदवारी मागे घेतली. एकही मत पडायच्या आत.

त्याउलट एमी क्लोबुचार. न्यू हॅम्पशरच्या मतदानाच्या चार दिवस आधी, ७ फेब्रुवारी २०२० च्या डिबेटमध्ये त्या छान बोलल्या आणि अनपेक्षितपणे तिसऱ्या आल्या, जवळपास २० टक्के मतांसह. डिबेट आणि मतदान यांच्यात किती दिवस आहेत, हे आधी मोजा. कोण चांगलं बोललं त्याइतकंच ते महत्त्वाचं आहे.

‘फोकस ग्रुप’ आणि स्क्रीनखाली सरकणाऱ्या त्या रेषा विश्वासार्ह असतात का?

पद्धत अशी: वीस-तीस मतदारांना एका खोलीत बसवतात, हातात एक फिरवायचं बटण देतात. बोलणं आवडलं की वर, नाही आवडलं की खाली. त्याची सरासरी रेषेच्या रूपात पडद्यावर दिसते. कोणत्या वाक्याला लोक दचकले, कुठे कंटाळले, हे समजून घ्यायला ते उपयोगी आहे. पण वीस-तीस माणसं म्हणजे राज्य नव्हे.

६ ऑगस्ट २०१५ ला क्लीव्हलंडच्या पहिल्या रिपब्लिकन डिबेटनंतर वाहिनीवरच्या फोकस ग्रुपमधले लोक डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर नाराज झालेले दिसले. आपल्या आधीच्या आवडीबद्दल त्यांना पश्चात्ताप होत होता. २ कोटी ४० लाख लोकांनी ती डिबेट पाहिली होती. पुढच्या आठवड्यांत ट्रम्प आघाडीवरच राहिले. खोलीत अनोळखी लोकांसमोर माणूस जे बोलतो आणि पडद्याआड जाऊन जे करतो, त्यांत अंतर असतं.

रेषेचा धोका अजून मोठा आहे. २०१० च्या ब्रिटिश निवडणुकीच्या वेळी संशोधकांनी सुमारे १५० लोकांना पंतप्रधानपदाची डिबेट थेट दाखवली आणि खालची रेषा मुद्दाम एकाच नेत्याच्या बाजूने फिरवली. बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. ज्या गटाला ज्या नेत्याच्या बाजूची रेषा दिसली, त्या गटाला तोच जिंकला असं जास्त वाटलं. शक्य असेल तेव्हा रेषा नसलेल्या वाहिनीवर बघा.

संकेतस्थळांवरचे ‘कोण जिंकलं?’ पोल?

सोडून द्या. ज्याला हौस आहे तो दहा वेळा टिचकी मारतो. ते सर्वेक्षण नाही.

विश्लेषण ऐकून आपलं मत खरंच बदलतं?

हो, आणि बदललं हे आपल्याला कळतही नाही. सगळ्यात बोलकं उदाहरण प्रायमरीतलं नाही, पण सांगायलाच हवं. ६ ऑक्टोबर १९७६ ला मुख्य निवडणुकीच्या डिबेटमध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. त्या रात्री, डिबेट संपल्या संपल्या ज्यांना फोन गेले, त्यांच्यात फोर्ड यांना झुकतं माप होतं आणि ते वाक्य फारसं कुणी काढलंही नाही. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी बातम्यांत तेच वाक्य वाजत राहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ज्यांना विचारलं, ते मोठ्या फरकाने प्रतिस्पर्धी जिमी कार्टर जिंकले असं सांगत होते आणि कारण म्हणून पूर्व युरोपचं नाव घेत होते. डिबेट तीच, ऐकणारे तसेच, मध्ये फक्त एक दिवस गेला.

प्रायमरीत तर हे आणखी सोपं आहे, कारण आधीच सांगितलं तसं, धरून ठेवायला पक्ष नाही. माझा आग्रह इतकाच आहे: डिबेट संपली की आधी टीव्ही बंद करा. एका कागदावर चार ओळी लिहा. कोणतं उत्तर पटलं, कोणतं टाळलं गेलं, कोणता प्रश्न विचारलाच गेला नाही. मग खुशाल चर्चा ऐका. ती चार ओळींची प्रतिक्रिया तुमची स्वतःची आहे. पुढची अर्धी उसनी असते.

लोक सूत्रधारांवर इतके का चिडतात?

कारण प्रश्न लोकांच्या आयुष्यातले नसतात. १६ एप्रिल २००८ ला फिलाडेल्फियात ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यात डिबेट झाली. इराकमध्ये युद्ध चालू, घरांचे हप्ते थकलेले, आणि जवळपास पहिला अर्धा वेळ गेला तो कोटावरच्या झेंड्याच्या पिनवर, ओबामांच्या पाद्रीवर आणि क्लिंटन यांच्या बोस्नियातल्या विमानतळाच्या आठवणीवर. वाहिनीच्या संकेतस्थळावर हजारो लोकांनी संताप लिहिला. शेवटी सभागृहातूनही सूत्रधाराची हुर्यो उडाली. त्या दिवशी मतदारांची खरी प्रतिक्रिया उमेदवारांबद्दल नव्हतीच.

हा राग ओळखून त्याचा उपयोग करणारे उमेदवारही असतात. २३ फेब्रुवारी १९८०, न्यू हॅम्पशरमधलं नॅशुआ, एका हायस्कूलचं व्यायामगृह. स्थानिक वृत्तपत्राला फक्त रॉनल्ड रेगन आणि थोरले जॉर्ज बुश या दोन रिपब्लिकन उमेदवारांची डिबेट हवी होती, खर्च मात्र रेगन यांच्या प्रचाराने उचलला होता. रेगन इतर चार उमेदवारांना सोबत घेऊन आले. सूत्रधाराने रेगन यांचा माइक बंद करायला सांगितलं, तेव्हा ते गरजले की या माइकचे पैसे मी भरतोय. रागाच्या भरात त्यांनी सूत्रधाराचं नावही चुकीचं घेतलं. कोणाला त्याचं काही वाटलं नाही. बुश समोर बघत गप्प बसून राहिले, आणि लोकांच्या मनात तीच दोन चित्रं राहिली. तीन दिवसांनी रेगन ५० टक्के, बुश २३.

उमेदवार डिबेटला आलाच नाही तर मतदार शिक्षा करतात?

आघाडीवरच्याला सहसा नाही. २०२३ मध्ये ट्रम्प एकाही प्रायमरी डिबेटला गेले नाहीत. मिलवॉकीत निक्की हेली आणि विवेक रामस्वामी यांची परराष्ट्र धोरणावरून चांगलीच जुंपली, भारतीय वंशाचे दोन उमेदवार एकाच मंचावर भिडलेले बघून आपल्या लोकांच्या गप्पांना खूप विषय मिळाला, पण उमेदवारी अखेर गैरहजर माणसालाच मिळाली. मला हे लोकशाहीच्या दृष्टीने वाईट वाटतं. प्रश्नांना सामोरं न जाताही मत मिळतं हे एकदा कळलं की पुढचा कशाला येईल?

न्यूयॉर्कच्या २०२५ च्या महापौर प्रायमरीत डिबेटचा वाटा किती?

ठाम आकडा काढता येत नाही, पण दोन गोष्टी दिसल्या. पहिली, वेळ. १२ जूनच्या दुसऱ्या डिबेटमध्ये, राज्याच्या गव्हर्नरपदाचा राजीनामा द्यावा लागलेले अँड्र्यू कुओमो प्रतिस्पर्धी जोहरान ममदानी यांच्या अननुभवावर बोट ठेवत होते. ममदानींनी उत्तर दिलं की मला कधी नाचक्की होऊन राजीनामा द्यावा लागलेला नाही, आणि माझं नाव ममदानी आहे, म्हणायला शिका. मग एकेक अक्षर उच्चारून दाखवलं. ज्यांच्या नावांची रोज कचेरीत मोडतोड होते अशा किती तरी देशी घरांत ती दृश्यफीत फिरली. ममदानींचे वडील मुंबईत जन्मलेले, म्हणून मुंबईतही ती पोचली. आणि १४ जूनला आगाऊ मतदान सुरू झालं.

दुसरी गोष्ट पद्धतीची. न्यूयॉर्कच्या शहर-प्रायमरीत पसंतीक्रमाने पाच नावं देता येतात. त्यामुळे मतदार ‘माझा एकच’ असं न म्हणता ‘याच्यानंतर कोण’ याचाही विचार करत डिबेट बघतो. डिबेटच्या दुसऱ्याच दिवशी ममदानी आणि आणखी एक उमेदवार ब्रॅड लँडर यांनी एकमेकांना दुसरी पसंती द्या असं जाहीर केलं. शेवटच्या फेरीत ममदानी ५६, कुओमो ४४ टक्के. एकमेकांना ओरबाडायचं कारण कमी झालं की डिबेटचा सूरही बदलतो, आणि लोकांना तो आवडतो.

मराठी माणूस अशा मंचावर आला आहे का?

श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेले, व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ आणि उद्योजक. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत ग्रेचेन व्हिटमर आणि अब्दुल एल-सय्यद यांच्यासमोर ते टीव्हीवरच्या डिबेटमध्ये उभे राहिले. स्वतःच्या खिशातून मोठा खर्च करून त्यांनी नाव घरोघरी पोचवलं होतं. पण डिबेटमध्ये जाहिरात चालत नाही, दोन्ही बाजूंनी प्रश्न आले. ते सुमारे १८ टक्क्यांसह तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघात नऊ जणांच्या प्रायमरीत साधारण २८ टक्के मतं घेऊन जिंकले आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेले. उमेदवार जास्त असले की किती थोड्या मतांवर उमेदवारी मिळते, ते यातून लक्षात घ्या. अशा प्रायमरीत डिबेट बघून बदललेली दोन-तीन हजार मतंही जड पडू शकतात.

महाराष्ट्रात असा प्रयोग झाला आहे का?

डिबेटचा नाही, प्रायमरीचा झाला. २०१४ च्या लोकसभेआधी काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत उमेदवार मतदानाने निवडला, त्यांत लातूर आणि वर्धा होते. मत मात्र पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना आणि कार्यकर्त्यांना होतं, सामान्य मतदाराला नाही. दोन्ही जागा पक्षाने गमावल्या, ते वर्षच तसं होतं, आणि प्रयोग तिथेच राहिला. इच्छुकांना एका मंचावर बसवून लातूरच्या पाण्यावर किंवा वर्ध्याच्या कापसावर प्रश्न विचारले गेले असते तर लोक काय म्हणाले असते, ते बघायला मला मनापासून आवडलं असतं.

ग्रीन कार्डवर असलेल्यांना प्रायमरीत मत देता येतं का?

राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर नाही, नागरिकत्व लागतं. मुलांचं मात्र बघा: व्हर्जिनिया, ओहायो, इलिनॉय, मेरिलँड अशा काही राज्यांत नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत १८ पूर्ण होणार असतील तर १७ व्या वर्षी प्रायमरीत मत देता येतं.

मी टपालाने मत पाठवलं आणि नंतर डिबेट बघून विचार बदलला. आता?

बहुतेक राज्यांत काही करता येत नाही. मिशिगनसारख्या काही राज्यांत ठरावीक मुदतीच्या आत लेखी कळवून आधीची मतपत्रिका रद्द करून नवी मागता येते. तुमच्या शहराच्या किंवा काउंटीच्या क्लार्कच्या, म्हणजे निवडणुकीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कचेरीत फोन करून मुदत विचारा, आणि शेवटची डिबेट कधी आहे ते पाहूनच पाकीट पेटीत टाका.